जिंकलं कोण ते कळलं, आता विचारणार कोण?

मुंबईचा निकाल लागून चार दिवस झाले आणि अजून चर्चा एकाच जागी गोल गोल फिरतेय. एक गट म्हणतो ठाकरे संपले. दुसरा म्हणतो, चिन्ह गेलं, नाव गेलं, निम्मे लोक गेले, तरी ६५ आणले, याला संपणं म्हणत नाहीत. तिसऱ्या गटाला वांद्र्याच्या हॉटेलात काय चाललंय यातच रस. नाक्यावर, ट्रेनमध्ये, सोसायटीच्या ग्रुपवर सगळीकडे हेच. पालिकेच्या सभागृहात उद्यापासून काय होणार, यावर मात्र कुणी अवाक्षर काढत नाही. मी आज त्यावरच लिहिणार आहे. पोस्ट लांब आहे, चहा घेऊन बसा.

आधी आकडे, कारण ते अजूनही लोक चुकीचे फॉरवर्ड करताहेत. एकूण जागा २२७. भाजप ८९, शिंदेंची शिवसेना २९. समोर उद्धव ठाकरेंची शिवसेना ६५, काँग्रेस २४, एमआयएम ८, मनसे ६, अजितदादांची राष्ट्रवादी ३, समाजवादी २ आणि शरद पवारांच्या पक्षाचा १. बहुमताला ११४ लागतात. भाजप आणि शिंदे मिळून ११८ होतात. म्हणजे गरजेपेक्षा चार जास्त. बेरीज झाली, पण हात सैल सोडता येईल अशी नाही.

आता या ११८ मधून उरलेला आकडा बघा. १०९. माझ्या मते या निकालातला सगळ्यात महत्त्वाचा आकडा तो आहे, आणि त्याच्यावर एकाही चॅनेलनं पाच मिनिटं घालवली नाहीत. नऊ वर्षांनी मुंबई महापालिकेत खरोखरचा विरोधी पक्ष बसणार आहे.

नऊ वर्षं का म्हणतोय, ते सांगतो. २०१७ आठवा. युती तुटली होती, शिवसेना आणि भाजप एकमेकांवर तुटून पडले होते. निकाल लागला तेव्हा सेना ८४, भाजप ८२. दोन जागांचा फरक. राज्यात दोघं एकाच मंत्रिमंडळात बसलेले आणि मुंबईत एकमेकांचं तोंड बघायला तयार नाहीत. मग मार्च महिन्यात मुख्यमंत्री फडणवीसांनी जाहीर केलं की भाजप महापौरपद लढवणार नाही, उपमहापौरपद नको, समित्यांची अध्यक्षपदं नकोत आणि विरोधी पक्षनेतेपदही नको. आम्ही पारदर्शकतेचे पहारेकरी म्हणून काम करू. महापौरपदाच्या निवडणुकीत भाजपच्या नगरसेवकांनी सेनेच्या विश्वनाथ महाडेश्वरांनाच मत दिलं.

त्या दिवशी बऱ्याच लोकांना तो मोठेपणा वाटला. मला तेव्हाही कळलं नव्हतं की ८२ जणांचा पहारेकरी म्हणजे नक्की काय. पहारेकऱ्याला काठी लागते. सभागृहात ती काठी विरोधी पक्षनेतेपदाची असते. ते पद कायद्यात आहे. त्याला दालन असतं, सभागृहात पहिल्यांदा बोलण्याचा मान असतो, अधिकाऱ्यांना जाब विचारायला वजन असतं. सभागृहातला दुसऱ्या क्रमांकाचा पक्ष सत्तेतही नाही आणि विरोधातही नाही, अशी विचित्र अवस्था झाली. मग ते पद ३१ नगरसेवकांच्या काँग्रेसकडे गेलं. रवी राजा विरोधी पक्षनेते झाले. (हेच रवी राजा २०२४ मध्ये विधानसभेच्या तोंडावर भाजपमध्ये गेले. मुंबईच्या राजकारणात आता अशा गोष्टींनी कुणाच्या भुवयाही उंचावत नाहीत.)

पुढे २०१९ ला राज्यात सगळं उलटंपालटं झालं. सेना काँग्रेस-राष्ट्रवादीबरोबर गेली आणि भाजपला अचानक पालिकेतलं विरोधी पक्षनेतेपद आठवलं. २०२० मध्ये त्यांनी दावा केला. सोडलेलं पद परत मागायचं, तर समोरचा कशाला देईल? उच्च न्यायालयातही त्यांना दाद मिळाली नाही. म्हणजे त्या पाच वर्षांत पहिली तीन वर्षं दुसरा सगळ्यात मोठा पक्ष स्वतःहून गप्प, आणि उरलेली दोन वर्षं तोच पक्ष ओरडतोय पण हातात काही नाही. त्यातच कोविड आला. सभा ऑनलाइन झाल्या, प्रस्ताव गठ्ठ्यानं आले आणि गठ्ठ्यानं गेले. स्थायी समितीची २०२२ मधली शेवटची बैठक आठवून बघा. मुदत संपायच्या दिवशी शेकडो प्रस्ताव समोर, आणि मंजुरी सुसाट.

हे मी भाजपला टोमणा म्हणून लिहीत नाही. सेनेच्या सोयीचंही तेच होतं. समोर ८२ जणांनी रोज कपडे फाडले असते तर रस्त्यांची आणि नालेसफाईची बिलं इतक्या शांतपणे गेली नसती. दोघांनाही परवडत होतं. परवडत नव्हतं ते आपल्याला.

आणि मग तर सभागृहच गेलं. ७ मार्च २०२२ ला मुदत संपली, ८ मार्चपासून प्रशासक. ओबीसी आरक्षणाचा खटला, प्रभाग २२७ की २३६ हा घोळ, आघाडी सरकारनं वाढवलेले नऊ प्रभाग शिंदे सरकारनं पुन्हा कमी केले तो घोळ, तारखांवर तारखा. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं चार महिन्यांत निवडणुका घ्या म्हणून सांगितलं, तरी सप्टेंबरात मुदत वाढवून ३१ जानेवारी २०२६ करावी लागली. अखेर १५ जानेवारीला मतदान झालं. जवळजवळ चार वर्षं या शहराला एकही नगरसेवक नव्हता. देशातली सगळ्यात श्रीमंत महापालिका, आणि सभागृहाला कुलूप.

या काळात पालिका कशी चालली? अर्थसंकल्प अतिरिक्त आयुक्तांनी मांडायचा आणि आयुक्तांनी प्रशासक म्हणून मंजूर करायचा. गेल्या वर्षीचा अर्थसंकल्प ७४,४२७ कोटींचा होता. काही राज्यांचाही इतका नसतो. तो एका खोलीत मांडला गेला आणि त्याच इमारतीत मंजूर झाला. कुणी कपात सूचना दिली नाही, कुणी रात्री अकरापर्यंत भाषण केलं नाही, कुणी आपल्या वॉर्डातल्या बंद पडलेल्या दवाखान्यावरून आरडाओरडा केला नाही. त्या भाषणांना आपण कंटाळायचो, मान्य आहे. पण त्या कंटाळवाण्या भाषणांतूनच एखाद्या वार्ताहराला बातमी मिळायची.

सहा हजार कोटींच्या आसपासची रस्ते काँक्रीटीकरणाची कंत्राटं याच काळात निघाली. स्थायी समिती नाही, हरकतीचा मुद्दा नाही. आरोप झाले ते पत्रकार परिषदांत आणि ट्विटरवर. उपनगरात एकाच वेळी किती रस्ते खोदून ठेवले होते ते २०२५ च्या पावसाळ्याआधी ज्यांनी रिक्षानं प्रवास केला त्यांना विचारा. २०२३ मध्ये उपनगरच्या पालकमंत्र्यांना थेट पालिका मुख्यालयात दालन मिळालं. नगरसेवक घरी आणि मंत्री मुख्यालयात. त्याच वर्षी आमदार-खासदारांच्या मागणीनुसार पालिकेच्या तिजोरीतून वॉर्डातल्या कामांना पैसे द्यायचं धोरण आलं. सत्ताधारी आमदारांना कसा निधी मिळाला आणि विरोधी आमदारांची पत्रं कशी पडून राहिली, ते वर्तमानपत्रांत सविस्तर छापून आलेलं आहे. मतदारानं ज्याला विधानसभेत पाठवलं तो गटाराच्या झाकणाचे पैसे वाटत होता.

आणि बेस्ट! ९ मे २०२५ पासून साध्या बसचं किमान भाडं पाचाचं दहा झालं, एसीचं सहाचं बारा. एका दिवसात दुप्पट. पूर्वी असला प्रस्ताव बेस्ट समितीत आला असता तर काय गोंधळ झाला असता आठवा. पक्ष कुठलाही असो, कुणीतरी माईक ओढला असता, कुणीतरी सभा तहकूब करायला लावली असती, पाचाचे दहा न होता सात-आठ झाले असते कदाचित. या वेळी बेस्ट समितीच अस्तित्वात नव्हती. ज्या बाईला घरकामासाठी दोन बस बदलाव्या लागतात तिचा दिवसाचा खर्च दुप्पट झाला आणि तिच्या वतीनं कुठल्याही सभागृहात एक वाक्यसुद्धा नोंदवलं गेलं नाही.

यावर एक उत्तर मला हमखास मिळतं. 'अहो, नगरसेवक होते तेव्हा काय दिवे लावले? टक्केवारीच खायचे. त्यापेक्षा आयएएस अधिकारी बरा.' हे उत्तर देणारे लोक वाईट नसतात, भाजलेले असतात. टक्केवारी हा शब्द मुंबईत कुणाला समजावून सांगावा लागत नाही. नगरसेवक झाल्यावर तीन वर्षांत गाडी बदलते, पाच वर्षांत टॉवरमध्ये फ्लॅट येतो, हे आपण डोळ्यांनी बघितलंय. पण प्रशासकाच्या चार वर्षांत टक्केवारी थांबली असं कुणी छातीठोक सांगेल का? फरक एवढाच की आधी चोर दिसायचा आणि त्याला पाच वर्षांनी घरी बसवता यायचं.

शिवाय नगरसेवक म्हणजे फक्त टेंडर नव्हे. चाळीत ड्रेनेज तुंबलं, पाण्याला वास येतोय, रात्री झाड पडलं, आजोबांच्या मृत्यूच्या दाखल्यात नाव चुकलंय, तर माणूस आयुक्तांना फोन करत नाही. तो शाखेत जातो, जनसंपर्क कार्यालयात जातो. गेल्या चार वर्षांत लोक तिथं जातच होते, फक्त समोर बसलेला माणूस 'माजी' होता. माजी नगरसेवक फोन करायचा, आणि पलीकडचा ज्युनिअर इंजिनिअर 'बघतो साहेब' म्हणून ठेवून द्यायचा. साहेब म्हणायची सवय तेवढी राहिली होती. राज्यातल्या बाकी २८ महापालिकांत चार-चार जणांचे प्रभाग आहेत, कुणाची कॉलर धरायची तेच कळत नाही. मुंबईत अजून एका वॉर्डाला एकच नगरसेवक आहे. ही आपली चैन आहे, ती वापरायला हवी.

आता पुन्हा १०९ कडे येतो. कारण सभागृहातलं गणित लोकांना वाटतं त्यापेक्षा जास्त गमतीदार आहे.

मुंबईच्या महापौराला फारसे अधिकार नाहीत. तो सभागृह चालवतो, लाल दिवा गेला तरी मान आहे, पाहुण्यांचं स्वागत करतो. शहर चालवतात ते आयुक्त, ज्यांना राज्य सरकार नेमतं. १८८८ च्या कायद्यानं ठरवलेली ही रचना आहे. मध्ये १९९८ ला महापौर परिषदेचा प्रयोग झाला होता, तो फार टिकला नाही. म्हणून 'महापौर कोणाचा, कोणत्या समाजाचा' यावर प्रचारात जितका घसा सुकवला गेला, त्यातला निम्मा वाया गेला असं माझं मत आहे. पैशाची किल्ली असते स्थायी समितीकडे. मोठी कंत्राटं तिथं जातात, अर्थसंकल्प आधी तिथं जातो. म्हणून जाणकार मंडळी महापौरापेक्षा स्थायीच्या अध्यक्षाकडे लक्ष ठेवतात.

या समितीत पक्षांच्या संख्याबळाप्रमाणे २६ जण जातात. कागद-पेन्सिल घ्या. २२७ ला २६ नं भागा, साधारण पावणेनऊ नगरसेवकांमागे एक सदस्य. भाजपचे १०, शिंदेंचे ३. झाले १३. उद्धव ठाकरेंचे सात पूर्ण आणि वर जवळजवळ अर्धा, काँग्रेसचे पावणेतीन म्हणजे तीन, एमआयएमचा एक, मनसेचा एक. उरलेली एक जागा ज्याचा अपूर्णांक मोठा त्याला, म्हणजे ठाकरेंना. त्यांचे ८. बेरीज करा, ८ आणि ३ आणि १ आणि १. तेरा!

सभागृहात ११८ विरुद्ध १०९, पण तिजोरीच्या खोलीत तेरा विरुद्ध तेरा. मतं समान पडली तर अध्यक्षाचं निर्णायक मत. अर्थात गटनोंदणी होईपर्यंत हे आकडे हलणार. कोकण विभागीय आयुक्तांकडे कोण कुणाबरोबर गट नोंदवतो, अजितदादांचे तिघं कुठं बसतात, शरद पवारांचा एकटा काय करतो, समाजवादीचे दोघं कुणाबरोबर जातात, यावर एखादी जागा इकडची तिकडे होईल. म्हणून सांगतो, ज्यांना आपण 'फुटकळ' म्हणून स्क्रोल करून पुढे गेलो, त्या तीन, दोन आणि एकला या आठवड्यात सोन्याचा भाव असणार. आणि २९ नगरसेवकांना हॉटेलात का ठेवावं लागतं, त्याचंही उत्तर यातच आहे. कारण काहीही सांगा, शिबिर म्हणा, मार्गदर्शन म्हणा. आपल्याच मित्रपक्षाच्या शहरात, आपलंच सरकार असताना नगरसेवक हॉटेलात ठेवायचे, ही दृश्यं मतदान करून चार दिवसही न झालेल्या माणसानं बघायची!

शिंदेंचं दुखणं मला कळतं. ९० जागा लढवल्या आणि २९ आल्या. भाजपनं १३७ लढवून ८९ आणल्या. म्हणजे खरी शिवसेना कोणाची हा जो वाद निवडणूक आयोगात आणि कोर्टात चालला, त्यावर मुंबईतल्या मतदारानं आपलं मत दिलंय, निदान मुंबईपुरतं. दादर, वरळी, लालबाग-परळचा पट्टा, भांडुप-विक्रोळी इथं काय झालं ते वॉर्डवार बघा. पण या २९ शिवाय भाजपचा महापौर होत नाही, हेही तितकंच खरं. कमी जागा आणि जास्त वजन, अशी ही अवस्था. अडीच-अडीच वर्षांची चर्चा त्यातूनच आली आहे.

भाजपचं यश मोठं आहे, ते नाकारण्यात अर्थ नाही. ८२ वरून ८९, तेही निम्म्याच्या थोड्या वर जागा लढवून. मुंबईत पहिल्यांदाच त्यांचा महापौर आपल्या बळावर आग्रह धरू शकेल अशी स्थिती आहे. पण आता त्यांची एक जुनी सोय गेली. '२५ वर्षांचा हिशोब द्या' ही घोषणा आता संपली. खरं तर त्या २५ पैकी पहिली वीस वर्षं ते स्वतः भागीदार होते, पण ते जाऊ द्या. आता राज्य त्यांचं, आयुक्त नेमणारं सरकार त्यांचं, सभागृह त्यांचं. पूर्वी खड्डा पडला की सेना आयुक्तांकडे बोट दाखवायची, आयुक्त गप्प बसायचे आणि भाजप सेनेकडे बोट दाखवायचा. आता बोट दाखवायला कुणी उरलेलं नाही. उपनगरातल्या ज्या सोसायट्यांनी भरभरून मतं दिली तेच लोक पहिल्या पावसात फोटो टाकतील.

पण मला जास्त बोलायचंय ते विरोधी बाकांबद्दल. कारण पुढची पाच वर्षं कशी जाणार ते तिथं ठरणार.

ठाकरे बंधू एकत्र आले, वीस वर्षांनी. लोकांना भरून आलं, मलाही थोडं आलं. मराठी पट्ट्यात त्याचा फायदा झाला. पण पन्नासवर जागा लढवून मनसेला सहाच मिळाल्या, आणि सहा हा आकडा ऐकला की मला २०१७ आठवतं. तेव्हा मनसेचे सात निवडून आले होते आणि ऑक्टोबरात त्यातले सहा शिवसेनेत गेले. एका रात्रीत. कायद्याच्या भाषेत दोन तृतीयांशांहून जास्त, म्हणून सगळं नियमात. आज तेच दोन पक्ष शेजारी शेजारी बसणार आहेत. छोट्या गटाचं हेच असतं. सहातले चार उठले की खेळ खलास, आणि ते चार उचलायला कुणालाही फार कष्ट पडत नाहीत. आठ जणांच्या एमआयएमलाही हेच लागू. गोवंडी-मानखुर्दच्या मतदारानं समाजवादीला बाजूला सारून त्यांना आणलंय, तिथलं पाणी आणि डम्पिंग ग्राउंड यावर ते बोलतात की गटनोंदणीच्या बाजारात उभे राहतात, ते बघायचं.

ठाकरेंच्या ६५ जणांना मी एक स्पष्टच सांगतो. तुम्ही उभे राहून रस्त्याच्या कंत्राटावर प्रश्न विचारलात की समोरून पहिलं उत्तर येणार, 'तुमच्या काळात काय होत होतं?' ते येणारच, आणि त्यात तथ्यही असणार. त्यावर सभात्याग करून बाहेर कॅमेऱ्यापुढे घोषणा द्यायच्या, हा सोपा मार्ग आहे. कृपा करून तो घेऊ नका. काढू द्या त्यांना जुन्या फायली. तुम्ही नव्या काढा. त्यांनी तुमचं २०१९ चं टेंडर बाहेर काढावं, तुम्ही २०२३ चं काढा, आणि दोन्ही कागद सभागृहाच्या पटलावर येऊ द्या. तुमची दोघांची अब्रू जाईल, पण मुंबईकराचा फायदा होईल. पाच वर्षं घरी बसून जे कळलं नाही ते एका हिवाळ्यात कळेल.

काँग्रेस २४ वर आलीय. ३१ वरून. वंचितशी हातमिळवणी करून, ठाकरेंपासून वेगळं लढून. बरोबर होतं की चूक यावर त्यांचे लोक भांडत बसतील. पण १०९ हा आकडा तेव्हाच १०९ असतो जेव्हा काँग्रेस आणि ठाकरे सभागृहात एका बाजूला हात वर करतात. बाहेर काय वाट्टेल ते म्हणा. स्थायीत काँग्रेसचे तिघं गैरहजर राहिले की तेरा विरुद्ध तेराचं तेरा विरुद्ध दहा होतं आणि प्रस्ताव मंजूर. गैरहजेरी ही मुंबई पालिकेतली फार जुनी कला आहे. विरोधाचं भाषण करायचं आणि मतदानाच्या वेळी कॅन्टीनमध्ये चहा प्यायला जायचं. 'आम्ही विरोध नोंदवला होता' हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की आता कोण बोलतंय हे न बघताही पाठ आहे.

आणखी एक. २२७ पैकी ११४ जागा महिलांसाठी राखीव होत्या. पहिल्यांदाच निवडून आलेल्या अनेकजणी आहेत. 'नगरसेवकपती' नावाची जमात आता वॉर्ड ऑफिसच्या चकरा मारायला लागेल. साहेब बोलतील, मॅडम सही करतील. ज्या वॉर्डात असं होतंय तिथल्या लोकांनी पहिल्याच महिन्यात पतिराजांना सांगावं, की काका, तुम्ही बसा, ताईंशी बोलायचंय.

बोटावरच्या शाईबद्दल, मार्कर पेनबद्दल, व्हीव्हीपॅट नसण्याबद्दल खूप लिहून झालंय. शाई पुसली जात असेल तर आयोगानं उत्तर द्यायला हवं, यात वाद नाही. पण मला त्याहून जास्त टोचतं ते हे, की चार वर्षं वाट बघून मतदान झालं आणि ते ५३ टक्क्यांच्या आसपास थांबलं. २०१७ ला ५५ च्या वर होतं. सुट्टी होती, मकरसंक्रांतीचा दुसरा दिवस होता, हवाही बरी होती. सभागृहाला कुलूप लागलं तेव्हा ज्यांना काही वाटलं नाही, त्यांना कुलूप उघडतानाही काही वाटलं नाही.

आता पुढचं वेळापत्रक. परवा गुरुवारी महापौरपदाच्या आरक्षणाची सोडत आहे. चॅनेलवाले दिवसभर तेच दाखवतील. मग गटनोंदणी, महापौर निवड, समित्या. नवा अर्थसंकल्प तोंडावर आलाय. पालिकेच्या ठेवी एकेकाळी ९० हजार कोटींच्या पुढे गेल्या होत्या, त्या आता उतरत आहेत, आणि हाती घेतलेल्या कामांचा बोजा त्याहून कितीतरी मोठा आहे. म्हणजे या सभागृहापुढे येणारा पहिलाच कागद जड असणार. तो स्थायीत नीट चर्चेला येतो की 'वेळ नाही' म्हणून घाईत सरकवला जातो, ही पहिली परीक्षा, आणि ती सत्ताधाऱ्यांइतकीच विरोधकांची आहे.

मी स्वतः महापौराच्या नावाची वाट बघत नाहीये. मी वाट बघतोय त्या आठ नावांची, जी ठाकरेंची सेना स्थायी समितीसाठी देणार. ६५ जणांत पालिकेचा कायदा पाठ असलेले, अधिकाऱ्याला आकड्यात पकडणारे, रात्री अकरापर्यंत बसणारे जुनेजाणते लोक आहेत. आणि नेत्यांच्या मागेपुढे करून तिकीट मिळालेलेही आहेत. आठांत कोण जातं ते बघा. तुमच्या वॉर्डातला असेल तर आत्ताच त्याला फोन करा, अभिनंदन करा, आणि बेस्टच्या भाड्याचा प्रश्न पहिल्या महिन्यात कोण मांडणार ते विचारून ठेवा.